वरचा सूर

तात्याराव दारात आले आणि चप्पल काढता काढताच त्यांनी विचारलं, "रतन कुठाय?"

"तुमच्याकडेच गेलेत की."

एक चप्पल पायात आणि एक बाहेर, तसेच ते उभे राहिले. "माझ्याकडे? वहिनी, महिना झाला, रतन माझ्याकडे फिरकलेला नाही."

मी त्यांना आत बसवलं आणि चहा टाकला. पाणी उकळेपर्यंत ओट्याशी उभी राहून मी गेल्या महिन्याचे दिवस आठवत होते. दोन अष्टम्या, एक अमावास्या आणि आजची पौर्णिमा. चारही दिवशी हे दुपारी क्लॅरिनेटची पेटी घेऊन निघाले होते आणि चारही वेळा जिन्यातून म्हणाले होते, "तात्यारावांकडे जातोय गं."

या दिवसांचं असं आहे. हे उपोसथाचे दिवस, तेव्हा मी अष्टशील, म्हणजे आठ नियम घेते. दुपारनंतर जेवत नाही आणि त्या दिवशी गाणं-वाजवणं ऐकत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे म्हणाले होते, "क्लॅरिनेटवाल्याशी लग्न केलंस आणि शील हे घेतलंस?" मग तोडगा त्यांनीच काढला. त्या दिवशी घरात वाजवायचं नाही, तात्यारावांच्या गॅरेजात जाऊन वाजवायचं. एकतीस वर्षं ते पाळलं आम्ही. भांडण म्हणून कधी झालं नाही.

तात्याराव आणि हे लष्कराच्या बँडमध्ये बरोबर होते. तात्यारावांचं ट्रम्पेट, यांचं क्लॅरिनेट. तिथल्या एका म्हाताऱ्या बँडमास्तरानं परेड संपल्यावर हौसेनं पोरांना जॅझ शिकवलं, अमेरिकेतलं अगदी जुनं, पहिल्यापहिल्या काळातलं. निवृत्त झाल्यावर पाच जणांनी मिळून 'सदर्न फाइव्ह' काढलं. स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलात दर रविवारी दुपारी ते वाजवायचे. एकोणीस वर्षं झाली होती त्याला. आधी तिथे पारशी आणि कॅम्पातली म्हातारी मंडळी यायची. आता गळ्यात कंपनीचं कार्ड विसरून आलेली पोरं-पोरी येतात, जेवता जेवता ऐकतात.

तात्यारावांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"वहिनी, आमच्या वाजवण्यात मी गाणं धरतो. ट्रॉम्बोन खालून ढकलतो. आणि रतन वरून जातो, माझ्या डोक्यावरून. घराला छप्पर असतं ना, तसा. गेले आठ-नऊ रविवार मी उघड्यावर वाजवतोय. हा खालीच घुटमळतो, गप्पच बसतो. परवा एकदा वर गेला तर नुसतं चीं झालं. पुढच्या टेबलावरचं पोरगं हसलं." त्यांनी आवाज खाली आणला. "दात हलतोय का त्याचा? दम लागतो? बोटं?"

"मला तर काही दिसलं नाही."

"बघा जरा. नवा मॅनेजर आलाय. तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी बँड ऐकून तो ठरवणार, ठेवायचा की नाही. एक माणूस कीबोर्डवर पाच जणांचं वाजवून दाखवतो आता, त्याला आमची गरज काय? पोलीस बँडमधला वैजनाथ यायला तयार आहे. पण रतनला उठवून त्याच्या खुर्चीत दुसरा बसवायचा म्हणजे... बरोबर जेवलोय हो आम्ही पत्र्याच्या ताटात." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "त्याला विचारलं तर तो हसण्यावारी नेतो. तुम्ही खोटं बोलत नाही, आख्ख्या लाइनीला माहितीये. काय असेल ते तुम्ही मला कळवा. मी त्यावर ठरवीन."

ते गेले. चहा तसाच राहिला.

संध्याकाळी हे आले. पेटी कोपऱ्यात ठेवली, पाय धुतले.

"कसे आहेत तात्याराव?" मी विचारलं.

"बरा आहे. गुडघा धरलाय जरा."

किती सहज म्हणाले! गुडघ्यासकट. मी फुलवाती वळत होते, मान वर केली नाही. सापळा मीच लावला होता, हेही मला कळत होतं. सकाळी हात जोडून खोटं न बोलण्याचं शील घ्यायचं आणि संध्याकाळी उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारायचा, याला काय म्हणतात ते मला कुठल्या भन्तेजींनी सांगितलेलं नाही. पण चांगलं तर नसणारच.

दुसऱ्या दिवसापासून मी कान लावून ऐकायला लागले. सकाळी सहाला मी पुढच्या खोलीत वंदना घेते, तेव्हा हे मागच्या खोलीत लांब सूर भरतात. इतकी वर्षं दोन्ही एकदम चालत आलंय. त्यांचा क्रम मला माझ्या गाथांसारखा पाठ आहे. आधी खालचे जाड सूर, एकेका श्वासाचे. मग पायरी पायरीनं वर. माझं पंचशील संपता संपता ते अगदी वरच्या सुरावर पोचलेले असतात. तो सूर बारीक आणि सरळ असतो, थंडीत तोंडातून वाफ निघावी तसा.

तो सूर आता येत नव्हता. कधीपासून, ते मला सांगता आलं नसतं, आणि याचीच लाज वाटली. खाली खाली वाजायचं, एकदम काहीतरी फाटल्यासारखं व्हायचं आणि थांबायचं. पुन्हा तेच. फाटायचं, थांबायचं.

माझ्या थोरल्या दिरांचं दुखणं करंगळीपासून सुरू झालं होतं. चहाचा कप थरथरायचा, तर ते म्हणायचे, कप गरम आहे. शेवटी त्यांना घास भरवावा लागे. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे यायला लागलं. मी यांची बोटं बघायला लागले. भाकरी मोडताना, शर्टाची बटणं लावताना, पेपरची घडी घालताना. एकदा मुद्दाम सुई-दोरा त्यांच्यापुढे धरला. "ओवून द्या हो, मला दिसत नाही."

त्यांनी पहिल्याच झटक्यात ओवला. "चष्मा डोळ्यावर असताना दिसत नाही होय तुला? परीक्षा घेतेस काय माझी?"

"परीक्षा कशाची?"

"तेच विचारतोय," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

बोटं ठीक होती. पण सुई ओवायला दोन बोटं लागतात आणि क्लॅरिनेटला नऊ. माझं मन असंच चाललं होतं. एक संशय खोटा ठरला की त्याच्याच अंगाखालून दुसरा निघे.

त्याच आठवड्यात आमची अक्षता ऑफिसातून आली आणि बॅग टाकत म्हणाली, "आई, पप्पा खराडीला काय करत होते? परवा पौर्णिमेला. आमच्या ऑफिसच्या मागे नवी सोसायटी झालीये ना, तिच्या क्लबहाऊसमध्ये शिरताना दिसले. बसमधून पाहिलं मी. सोबत एक मुलगी होती. माझ्याएवढी असेल."

मी पोळी लाटत राहिले.

"आई, तुला वाटतंय तसलं काही नसेल हं. पप्पांना मोबाइलवरचा मेसेज उघडता येत नाही, अफेअर कुठून जमणार?"

"मला काही वाटलेलं नाही," मी म्हटलं. पोळी एका बाजूनं जाड झाली होती.

तसलं मला खरंच वाटलं नव्हतं. वाटलं ते असं की कुठेतरी जाऊन, अनोळखी माणसांत बसून, हे आपलं बिघडलेलं वाजवणं लपवतायत. तात्यारावांसमोर वाजवलं तर लगेच कळलं असतं. माझ्यासमोरही. म्हणून खराडी.

पुढची अष्टमी शनिवारी आली. त्यांनी पेटी उचलली, जिन्यातून तेच वाक्य म्हटलं. मी त्यांच्या मागच्या बसनं निघाले. अंगावर उपोसथाची पांढरी साडी होती. वाजवणं ऐकायलाच चालले होते, तर शील मोडणार हे घरातून निघतानाच माहीत होतं, नकळत काही नव्हतं ते. बस नगर रोडनं चालली होती. पूर्वी जिथे शेतं होती तिथे काचेच्या इमारती आणि अर्धे बांधलेले खांब. मी खिडकीतून बघत होते आणि मनात एकच घोळत होतं. आता कळेल.

सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं विचारलं, "कोणाकडं जायचंय, मावशी?"

"ते क्लॅरिनेट वाजवायला येतात ना, त्यांच्याकडे."

"ते वाजवतात होय? मी समजत होतो आत सुतारकाम चाललंय." त्यानं बोटानं वाट दाखवली. "जावा. अजून रंधा मारतायत."

क्लबहाऊसला काचेचं दार होतं. मी बाजूच्या कुंडीआड उभी राहिले. आत एक मुलगा मांडीवर गिटार आडवी ठेवून तारांवर चमचा घासत होता. एक मुलगी, अक्षताच्याच वयाची, ड्रमच्या पितळी थाळीच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढत होती. दोघांच्या मध्ये हे. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. कोणापुढेही कागद नव्हता. ठेका नव्हता. कोण कोणामागून जातंय तेच समजत नव्हतं.

आणि यांचा आवाज! खालचा एक सूर धरायचा, दाबत दाबत न्यायचा, मग तो चिरफाळायचा. मध्येच नुसती हवा. मध्येच खाकरल्यासारखं. पुन्हा खालून वर ढकलायचं आणि पुन्हा तेच फाटणं. मी त्यांचा श्वास मोजत होते. दम पुरेसा होता. ओठ घट्ट होते. तरी वर जाईना. एकदा नाही, वीसदा.

थांबले तेव्हा गिटारवाला म्हणाला, "बाप रे, सर!"

मुलगी म्हणाली, "सर, ते परत करा ना. ते फाटतं ते. प्लीज."

हे हसले. लहान मुलासारखे, लाजून. आणि परत केलं.

मला भडभडून आलं. यांना तेच हवंय, मनात आलं. म्हाताऱ्या माणसाचा सूर फाटतो आणि ही पोरं म्हणतायत, परत करा. ते त्यांच्या नादी लागलेत, कारण इथे चूक ही चूक धरली जात नाही. मी आत गेले नाही. वॉचमन म्हणाला, "झालं का काम, मावशी?" मी मान हलवली.

सोमवारी तात्यारावांचा फोन आला तेव्हा हे विहारात वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतल्या, ग्रंथवाचनाची सतरंजी घालायला गेले होते.

"वहिनी, काय म्हणता?"

मी हळू म्हटलं, "त्यांचा वरचा सूर गेलाय. लागत नाही. मी ऐकलंय माझ्या कानांनी."

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. "बरं केलंत सांगितलंत. मी बघतो. त्याला तुमचं नाव कळू देत नाही."

फोन ठेवला. खोटं बोलले नव्हते, म्हणून मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही.

गुरुवारी संध्याकाळी तात्यारावांनी यांना फोन केला. यांची बाजू एवढीच ऐकू आली, "का?... बरं... वैजनाथ? बरं." रिसीव्हर ठेवून हे खुर्चीत बसले.

"रविवारी येऊ नको म्हणतोय. आराम कर म्हणतोय. माझा सूर गेलाय असं कोणीतरी सांगितलंय त्याला." मग माझ्याकडे वळले. "कोणी सांगितलं असेल?"

"मी."

त्यांना ते कळायला वेळ लागला. मग मी सगळंच सांगितलं. तात्याराव आले ते, गुडघ्याचं, सुई-दोऱ्याचं, कुंडीचं. संपल्यावर ते उठले, पेटी घेऊन आले आणि माझ्यासमोर जमिनीवर उघडली. ती पेटी मी पुसायलाही कधी उघडलेली नव्हती. त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे जोडले आणि मागची बाजू माझ्याकडे केली.

मागे, जिथे डाव्या हाताचा अंगठा येतो, तिथे एक लांबट चावी होती. तिच्या टोकावर दोरा गुंडाळून ती घट्ट आवळलेली होती. पांढरा दोरा. माझ्या शिवणाच्या डब्यातला.

"ही दाबली की तोच सूर वरच्या पट्टीत जातो," ते म्हणाले. "सगळं वरचं वाजवणं हिच्यावर. आषाढी पौर्णिमेला बांधली. वर्षावास संपेपर्यंत, आश्विन पौर्णिमेपर्यंत सोडायची नाही, असं अधिष्ठान घेतलंय, मनाशी निश्चय."

"पण का?"

"ती चैताली, खराडीला थाळीवर गज ओढणारी. हॉटेलात ऐकायला यायची. एकदा गाठून म्हणाली, सर, तुम्ही पुढे काय वाजवणार ते मला आधीच कळतं. असा राग आला! दोन रात्री झोप नाही. मग लक्षात आलं, मलाही आधीच कळतं. एकोणीस वर्षं तीच वीस गाणी. मी वाजवत नव्हतो, बोटंच आपली जाऊन येत होती." अंगठा त्या दोऱ्यावर फिरवत होते. "वाट बंद केल्याशिवाय बोटं ऐकेनात. आता बांधलेल्या चावीवर वर जायचं म्हणजे ओठानं आणि घशानं. तो सूर फाटतो. फाटला की एका फुंकीत दोन सूर निघतात, तिसराच रंग. तोच धरायला बघतोय. तू ऐकलंस ते तेच."

"मला सांगायचं होतंत."

"तू सांगतेस? मागच्या वर्षावासात मीठ सोडलंस. मला तिसऱ्या महिन्यात कळलं, तेही अक्षताकडून. वर म्हणालीस, बोलून दाखवायचं नसतं."

"आणि तात्यारावांकडे जातो म्हणत होतात ते?"

"ते खोटं. ते चुकलंच," ते म्हणाले. "तात्याला कळलं असतं तर त्यानं उभं केलं नसतं. त्याला हे वाजवणं म्हणजे मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखं वाटतं."

"मग आत्ता सोडा. एकदा मला तो सूर वाजवून दाखवा. मी तात्यारावांना सांगते."

"पौर्णिमेला सोडीन."

"एक मिनिटासाठी?"

"कांता, तू मीठ एक मिनिटासाठी खाल्लं असतंस?"

रात्रभर दोरा माझ्या डोळ्यांपुढे होता. सकाळी ते अंघोळीला गेले तेव्हा मी पेटी उघडली. जन्मात पहिल्यांदा. दोरा मळका होता, घामानं पिवळट झालेला. म्हणजे जुना. पण पांढरा दोरा काय, दोन दिवसांतही मळतो. मी खराडीला गेले होते हे त्यांना वॉचमनकडून कळलं असेल आणि त्यानंतर बांधला असेल, तर? सूर खरंच गेला असेल आणि हे वर बांधलेलं पांघरूण असेल, तर? शरमेनं पेटी बंद केली. संशय बंद झाला नाही.

त्या रविवारी हे दिवसभर घरी होते. दोन वाजता, जेव्हा बँड उभा राहतो, तेव्हा त्यांनी माठ घासून काढला. मग मोरी घासली.

मंगळवारी मी ताडीवाला रोडला तात्यारावांच्या गॅरेजात गेले. ते ट्रम्पेट पुसत बसले होते.

"माझं सांगणं चुकलं, भावजी. सूर गेलेला नाही. त्यांनी चावी बांधून ठेवलीय, मुद्दाम. वर्षावासापुरती."

तात्यारावांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "चावी सोडून वर गेलेला सूर तुम्ही ऐकलात?"

"नाही."

"म्हणजे तो म्हणाला."

"हो."

"वहिनी, पहिल्यांदा सांगितलंत ते कांताबाईंनी सांगितलं, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. आज रतनची बायको बोलतेय. राग मानू नका." त्यांनी फडकं झटकलं. "मागच्या रविवारी वैजनाथ बसला. चांगला वाजवतो. रतनसारखा नाही, पण लागतो त्याचा सूर. शुक्रवारी चारला घेऊन या रतनला. माझ्यासमोर एकदा वर जाऊ दे. गेला, तर खुर्ची त्याची, मी वैजनाथची माफी मागतो. मॅनेजर रविवारी येतोय, त्याच्यापुढे मला असं-तसं चालणार नाही."

शुक्रवारी हे माझ्याबरोबर आले. मी वाटेत विचारलं, "काय करणार आहात?" तर म्हणाले, "बघू."

गॅरेजात वैजनाथ आधीच येऊन बसला होता. तिशीचा, पोलिसासारखे केस कापलेला, नम्र. यांना बघून उठला आणि पाया पडायला वाकला. "सर, मला अवघडल्यासारखं होतंय."

"तुला कशाला अवघड? अवघड मला व्हायला पाहिजे," हे म्हणाले. "बस, बस."

यांनी क्लॅरिनेट जोडलं. तोंडाशी लागणारी रीडची पट्टी ओली केली, बसवली. तात्याराव जवळ आले, क्लॅरिनेट उलटं करून दोरा पाहिला आणि नाकावरचा चष्मा काढून पुन्हा घातला.

"चाळीस वर्षं हे वाद्य बघतोय. त्याला ताईत बांधलेला पहिल्यांदा पाहिला."

"ताईत नाही."

"सोड मग."

"नऊ दिवस राहिलेत, तात्या."

"मॅनेजर नऊ दिवस थांबणार नाही. एकदा वर जा, पुन्हा बांध. मी देतो दोरा, रंगीत पाहिजे तर रंगीत."

हे हसले नाहीत. क्लॅरिनेट मांडीवर ठेवून बसले. तात्याराव माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही सांगा त्याला. शीलातलं तुम्हाला आमच्यापेक्षा कळतं. माणसाच्या पोटावर... पोटाचं जाऊ द्या, खुर्चीवर येतं तेव्हा एखादी गाठ सोडलेली चालते की नाही?"

मला वाटलं, हे नाही म्हणतील. पण ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ही म्हणाली तर सोडतो."

वैजनाथनं नजर खाली घातली. बाहेर रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, लागत नव्हती.

एक शब्द बोलायचा होता. सोडा. तो बोलला असता तर खुर्ची राहिली असती आणि मला कळलंही असतं. महिनाभर जे मला खात होतं ते एका फुंकीत कळलं असतं. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. तो दोऱ्यावर होता. दाबून धरलेला, नखाचा रंग पांढरा झालेला.

"राहू द्या," मी म्हटलं.

"काय?" तात्याराव म्हणाले.

"राहू द्या. गाठ सोडू नका."

तात्यारावांनी ट्रम्पेट उचललं. "वैजनाथ, ये. पहिलं गाणं घेऊ." आणि यांना म्हणाले, पण माझ्याकडे बघत, "मी विचारलं नाही असं म्हणू नका हं."

"नाही म्हणत," हे म्हणाले. क्लॅरिनेट सुटं करून, आतून पुसून, नीट पेटीत ठेवलं. तात्यारावांच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मागून वैजनाथचा सूर येत होता. वर गेलेला, स्वच्छ. हे एकदा थांबले, ऐकलं आणि म्हणाले, "चांगला आहे पोरगा." त्यात काही वाईट नव्हतं. मी शोधलं, पण नव्हतं.

स्टेशनवरून बस मिळाली. दोघांना शेजारी जागा झाली. पेटी त्यांच्या मांडीवर. बंडगार्डनच्या पुलावर बस अडकली तेव्हा त्यांनी विचारलं, "का नको म्हणालीस?"

अधिष्ठान मोडू नये म्हणून, असं म्हणता आलं असतं. ऐकायला छान होतं, त्यांना बरंही वाटलं असतं. पण खरं ते नव्हतं.

"भीती वाटली," मी म्हटलं. "तुम्ही सोडलंत आणि तरी नाही आला तर? तिथे, त्या पोराच्या देखत."

ते खिडकीबाहेर बघत होते. खाली नदीत जलपर्णी साचून हिरवं झालं होतं. बस हलली.

"मी मनात तेच म्हणत होतो," ते म्हणाले. "हिनं सोडा म्हणू नये. तीन महिने तो सूर लावलेला नाही, कांता. असेल तिथेच. असायला पाहिजे. पण तुझ्यावर टाकलं ते काही चांगलं केलं नाही मी."

"नाही केलंत."

"नाही."

आमचं येरवडा आलं. माणसं उतरली. मी पदर सावरला, पण हे हलले नाहीत, मग मीही उठले नाही. कंडक्टर पुढून आला.

"काका, तुमचं तिकीट येरवड्यापर्यंतचं आहे. झोपला असाल तर उठा, जागे असाल तर उतरा."

"खराडीची दोन द्या," हे म्हणाले.

"दोन?" मी म्हटलं.

"तू कुंडीमागे उभी राहून ऐकलंस, तर अर्धंच ऐकू येतं. आत खुर्च्या आहेत."